पाळीव जनावरांच्या मूत्रपिंडातील रक्तप्रवाहाचे संप्रेरकीय नियमन

गाय, म्हैस, मेंढी, शेळी, डुक्कर, घोडा व कोंबडी या पाळीव प्राण्यांच्या मूत्रपिंडांतून दर मिनिटाला किती रक्त वाहावे, हे ठरविण्यात शरीरातील संप्रेरकांचा (हार्मोनांचा) मोठा वाटा असतो. या प्रक्रियेस मूत्रपिंडातील रक्तप्रवाहाचे संप्रेरकीय नियमन असे म्हणतात. मूत्रपिंडाला वृक्क असाही पर्यायी शब्द आहे.

या नियमनात भाग घेणाऱ्या संप्रेरकांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. अँजिओटेन्सिन, नॉरॲड्रिनलिन व व्हॅसोप्रेसिन ही संप्रेरके रक्तवाहिन्या आकुंचित करून रक्तप्रवाह घटवितात. प्रोस्टाग्लँडिने व हृदयाच्या अलिंदांतून स्रवणारे नेट्रियुरेटिक संप्रेरक रक्तवाहिन्या विस्फारतात. पहिला गट संपूर्ण शरीराचा रक्तदाब राखतो, तर दुसऱ्या गटातील प्रोस्टाग्लँडिने त्या ओढाताणीत मूत्रपिंडाला पुरेसे रक्त मिळत राहील याची काळजी घेतात. निरोगी व भरपूर पाणी प्यायलेल्या जनावरात प्रोस्टाग्लँडिनांचे हे कार्य फारसे जाणवत नाही. हगवण, रक्तस्राव किंवा दीर्घकाळची तहान अशा प्रसंगी मात्र मूत्रपिंडाचे रक्षण बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असते. त्यामुळे पशुवैद्यकात, विशेषतः वेदनाशामक औषधांच्या वापरात, या विषयाला व्यावहारिक महत्त्व आहे.

मूत्रपिंडाची रचना व रक्तपुरवठा

बाह्यरूपाच्या दृष्टीने पाळीव सस्तन प्राण्यांच्या मूत्रपिंडांत बराच फरक आढळतो. गाईचे मूत्रपिंड सुमारे वीस खंडांचे व द्राक्षाच्या घोसासारखे दिसते. मेंढी व शेळी यांचे मूत्रपिंड गुळगुळीत व घेवड्याच्या बीच्या आकाराचे असते. डुकराचे मूत्रपिंड चपटे असते, तर घोड्याचे उजवे मूत्रपिंड बदामी आकाराचे असते. अंतर्गत रचना मात्र सर्वांत सारखीच असून बाहेरच्या थरास बाह्यक व आतल्या भागास मध्यक म्हणतात.

दोन्ही मूत्रपिंडांचे एकत्रित वजन शरीराच्या वजनाच्या १ टक्क्याहूनही कमी असते. तरीही विश्रांतीच्या स्थितीत हृदयाने बाहेर टाकलेल्या रक्तापैकी सुमारे २० ते २५ टक्के रक्त त्यांच्याकडे जाते. एवढ्या रक्ताची गरज मूत्रपिंडाच्या पोषणासाठी नसून रक्त गाळण्यासाठी असते. यातील सुमारे ९० टक्के रक्त बाह्यकास मिळते. मध्यकाच्या वाट्यास थोडेच रक्त येत असल्याने तेथे प्राणवायूचे प्रमाण नेहमीच कमी असते आणि रक्तप्रवाह घटल्यास त्याची झळ या भागास लवकर लागते.

रक्त गाळण्याचे काम केशिकागुच्छांत होते. प्रत्येक केशिकागुच्छात रक्त आणणाऱ्या बारीक वाहिनीस अभिवाही धमनिका आणि रक्त बाहेर नेणाऱ्या वाहिनीस अपवाही धमनिका म्हणतात. अभिवाही धमनिका आकुंचन पावली तर रक्तप्रवाह व गाळण दर दोन्ही घटतात. अपवाही धमनिका काही मर्यादेपर्यंत आकुंचन पावली तर रक्तप्रवाह घटतो, परंतु केशिकागुच्छातील दाब वाढल्यामुळे गाळण दर टिकून राहतो. संप्रेरकांचे मूत्रपिंडावरील बहुतेक परिणाम या दोन वाहिन्यांच्या रुंदीतील बदलांवरून उलगडतात. नळीतून वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. त्यामुळे वाहिनीची त्रिज्या केवळ १० टक्क्यांनी कमी झाली तरी, दाब तेवढाच असताना, तिच्यातील प्रवाह सुमारे एकतृतीयांशाने घटतो. संप्रेरकाच्या अल्प मात्रेचा परिणाम मोठा का होतो, हे यावरून स्पष्ट होते.

संप्रेरकांवाचून होणारे नियमन

मूत्रपिंडात स्वयंनियमनाची यंत्रणाही असते. कुत्र्यांवरील प्रयोगांत असे आढळले की, धमनीतील दाब पाऱ्याच्या सुमारे ८० ते १८० मिलिमीटर या मर्यादेत बदलला तरी मूत्रपिंडातील रक्तप्रवाह जवळजवळ स्थिर राहतो. दाब वाढताच अभिवाही धमनिकेची स्नायूभित्ती आपोआप आकुंचन पावते. शिवाय नलिकेतील मॅक्युला डेन्सा नावाच्या पेशी तेथून जाणाऱ्या मिठाचे प्रमाण ओळखून धमनिकेला संकेत देतात. संप्रेरकांचे कार्य या मूळ यंत्रणेवर आधारलेले असून शरीराच्या गरजेनुसार ती तिच्यात बदल घडवून आणतात.

रक्तप्रवाह घटविणारी संप्रेरके

रेनिन–अँजिओटेन्सिन–अल्डोस्टेरॉन प्रणाली

रेनिन हे एंझाइम अभिवाही धमनिकेच्या भित्तीतील विशिष्ट पेशी स्रवतात. त्या धमनिकेतील दाब कमी होणे, मॅक्युला डेन्सापर्यंत पोहोचणारे मीठ घटणे आणि अनुकंपी चेतातंतू उत्तेजित होणे, ही या स्रावाची तीन प्रमुख कारणे आहेत. रेनिन यकृतात तयार झालेल्या अँजिओटेन्सिनोजेन या प्रथिनाचे विघटन करून दहा ॲमिनो आम्लांचे अँजिओटेन्सिन-१ बनविते. त्याचे मुख्यतः फुप्फुसांतील एंझाइमामुळे आठ ॲमिनो आम्लांच्या अँजिओटेन्सिन-२ मध्ये रूपांतर होते.

अँजिओटेन्सिन-२ शरीरभरच्या धमनिका आकुंचित करते. मूत्रपिंडात त्याचा प्रभाव अपवाही धमनिकेवर अधिक असतो. त्यामुळे मूत्रपिंडातून वाहणारे रक्त कमी झाले तरी गाळण्याचे काम चालू राहते. हेच संप्रेरक तहानेची जाणीव निर्माण करते आणि अधिवृक्क ग्रंथीस अल्डोस्टेरॉन स्रवण्यास भाग पाडते. अल्डोस्टेरॉन प्रामुख्याने सोडियम शरीरात राखून पोटॅशियम बाहेर टाकते. मूत्रपिंडातील रक्तप्रवाहावर त्याचा परिणाम मुख्यतः अप्रत्यक्ष असतो. सोडियमबरोबर पाणी टिकते, रक्ताचे आकारमान पूर्ववत होते आणि मग रेनिनचा स्राव कमी होतो.

ॲड्रिनलिन व नॉरॲड्रिनलिन

भीती, वेदना, रक्तस्राव किंवा दगदगीचा प्रवास अशा प्रसंगी अधिवृक्क ग्रंथीच्या मध्यकातून ही संप्रेरके रक्तात येतात. त्याच वेळी अनुकंपी चेतातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रिनलिन मूत्रपिंडातही स्रवते. दोन्ही धमनिका आकुंचन पावतात आणि मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त हृदय, मेंदू व स्नायूंकडे वळविले जाते. ही तडजोड अल्पकाळ उपयुक्त असते. परंतु ती लांबल्यास मूत्रपिंडाच्या पेशींना इजा होते.

व्हॅसोप्रेसिन

रक्तातील क्षारांची तीव्रता वाढली किंवा रक्ताचे आकारमान बरेच घटले की, पोष ग्रंथीच्या पश्चखंडातून व्हॅसोप्रेसिन स्रवते. मूत्रातील पाणी परत शोषून घेणे हे त्याचे मुख्य कार्य असले, तरी ते मध्यकातील बारीक वाहिन्या आकुंचित करून तेथील रक्तप्रवाह मंद करते. प्रवाह मंद झाल्याने मध्यकात साठलेले क्षार वाहून जात नाहीत व मूत्र अधिक संहत होऊ शकते. गाय, मेंढी व घोडा यांच्या व्हॅसोप्रेसिनमध्ये आठव्या स्थानी आर्जिनीन हे ॲमिनो आम्ल असते. डुकरात त्या जागी लायसीन असते.

रक्तप्रवाह वाढविणारी संप्रेरके

प्रोस्टाग्लँडिने ही दूरच्या ग्रंथीत तयार न होता ज्या ऊतीत निर्माण होतात तेथेच कार्य करतात. म्हणून त्यांना स्थानिक संप्रेरके म्हणतात. मूत्रपिंडातील प्रोस्टाग्लँडिन-ई२ व प्रोस्टासायक्लिन ही अभिवाही धमनिका रुंद ठेवतात आणि मध्यकाचा रक्तपुरवठा टिकवितात. अँजिओटेन्सिन व नॉरॲड्रिनलिन यांचा जोर वाढताच मूत्रपिंडात प्रोस्टाग्लँडिनांची निर्मितीही वाढते. धोक्याच्या प्रसंगी दोन्ही गट एकाच वेळी कार्यरत असल्याने मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सहसा पूर्णपणे खुंटत नाही.

रक्ताचे आकारमान वाढून हृदयाच्या अलिंदांवर ताण आला की, त्यांच्या स्नायूपेशी नेट्रियुरेटिक संप्रेरक स्रवतात. त्यामुळे अभिवाही धमनिका विस्फारते व अपवाही धमनिका काहीशी आकुंचते. परिणामी गाळण दर वाढून जादा मीठ व पाणी मूत्रावाटे बाहेर पडते. हे संप्रेरक रेनिन व अल्डोस्टेरॉन यांचा स्रावही कमी करते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड हा संप्रेरक नसला, तरी वाहिन्या शिथिल ठेवण्यात त्याचाही वाटा असतो.

प्राणिनिहाय वैशिष्ट्ये

रवंथ करणारे प्राणी

रवंथ करणाऱ्या प्राण्यांत लाळेचे प्रमाण फार मोठे असते. दुभती गाय दिवसाला १०० लिटरहून अधिक लाळ स्रवते व तिच्यात सोडियम बायकार्बोनेट विपुल असते. दिवसातून एकदाच भरपूर सुका चारा खाणाऱ्या मेंढीत, खाणे सुरू होताच पुष्कळ पाणी व सोडियम लाळेवाटे कोटीपोटात जाते. रक्तरसाचे आकारमान तात्पुरते घटते, रेनिनचा स्राव वाढतो आणि मूत्राचे प्रमाण कमी होते. पुढे कोटीपोटातून पाणी परत शोषले गेल्यावर स्थिती पूर्ववत होते. हेच खाद्य थोडे थोडे विभागून दिल्यास हा चढउतार सौम्य राहतो. घोडा रवंथ करीत नाही, तरीही दिवसाचा सर्व खुराक दोन मोठ्या वेळांत दिल्यास त्याच्यातही असाच बदल आढळतो.

आहारात सोडियमची कमतरता असल्यास अल्डोस्टेरॉनचा प्रभाव मूत्रपिंडापुरता मर्यादित राहत नाही. लाळेतील सोडियमची जागा पोटॅशियम घेते आणि वाचलेले सोडियम रक्ताचे आकारमान राखण्यासाठी उपयोगी पडते. त्यामुळे कोटीपोट हे सोडियमचा राखीव साठा म्हणून काम करते. अशा जनावरांत मिठाची तीव्र ओढ निर्माण होते. खाद्यात मीठ मिसळण्याच्या किंवा गोठ्यात चाटण विटा टांगण्याच्या प्रथेमागील शरीरशास्त्रीय कारण यात सापडते.

वाळवंटी प्रदेशातील शेळ्यांत पाणी राखण्याची क्षमता विशेष विकसित झालेली आहे. सिनाई व नेगेव्ह भागांतील काळ्या बेदुइन शेळ्या दोन ते चार दिवसांतून एकदाच पाणी पितात. त्या वेळी प्यायलेले पाणी कोटीपोटात साठून राहते व रक्तात सावकाश उतरते. पाणी प्यायल्यानंतरही मूत्रपिंड लगेच ते बाहेर टाकत नाही.

कोंबडी

पक्ष्यांच्या मूत्रपिंडात दोन प्रकारचे नेफ्रॉन असतात. काहींना सस्तन प्राण्यांप्रमाणे लांब वळसा असतो, तर बाह्यकातील बहुसंख्य नेफ्रॉन सरीसृपांप्रमाणे वळसारहित असतात. पक्ष्यांत व्हॅसोप्रेसिनऐवजी आर्जिनीन व्हॅसोटोसिन हे संप्रेरक असते. कोंबडीला पाणी कमी पडल्यास ते वळसारहित नेफ्रॉनांच्या अभिवाही धमनिका आकुंचित करून त्यांचे गाळण्याचे काम तात्पुरते थांबविते. याखेरीज पक्ष्यांत पायांकडून येणारे शिरांतील रक्तही मूत्रपिंडातून फिरविले जाते. या व्यवस्थेमुळे नलिकांना होणारा रक्तपुरवठा केवळ धमन्यांवर अवलंबून राहत नाही.

गर्भावस्था व नवजात अवस्था

गर्भावस्थेत टाकाऊ द्रव्ये वारेमार्फत मातेकडे जात असल्याने गर्भाच्या मूत्रपिंडाला फारसे रक्त लागत नाही. मेंढीच्या गर्भात हृदयाने टाकलेल्या एकूण रक्तापैकी सुमारे २ ते ३ टक्केच रक्त मूत्रपिंडांना मिळते. जन्मानंतर मूत्रपिंडातील वाहिन्यांचा विरोध घटत जातो आणि हे प्रमाण वाढते. नवजात अवस्थेत रेनिन व प्रोस्टाग्लँडिने या दोन्हींची क्रियाशीलता जास्त असते. त्यामुळे कोकरे, वासरे व शिंगरे यांची मूत्रपिंडे निर्जलीकरणास आणि प्रोस्टाग्लँडिनविरोधी औषधांस अधिक संवेदनशील असतात.

पशुवैद्यकातील महत्त्व

वासराला तीव्र हगवण लागल्यास पाणी व सोडियम झपाट्याने कमी होते. रेनिन, नॉरॲड्रिनलिन व व्हॅसोप्रेसिन ही तिन्ही एकाच वेळी वाढतात. मूत्र कमी व गडद होते, तसेच रक्तातील युरिया व क्रिएटिनिन वाढतात. या अवस्थेत मूत्रपिंड मुळात निरोगी असते. त्याला मिळणारे रक्त तेवढे अपुरे असते. तोंडावाटे क्षारयुक्त पाणी किंवा शिरेतून सलाईन वेळेत दिल्यास रक्तप्रवाह पूर्ववत होऊन ही द्रव्ये कमी होतात. उशीर झाल्यास मात्र नलिकांच्या पेशी मरू लागतात व केवळ पाणी देऊन भागत नाही. गाई-म्हशींत युरियाचा काही भाग कोटीपोटात जाऊन तेथील सूक्ष्मजीवांकडून वापरला जातो. म्हणून त्यांच्या मूत्रपिंडाची स्थिती पारखताना युरियापेक्षा क्रिएटिनिन हा अधिक भरवशाचा निर्देशक मानतात.

ताप, सूज व वेदना यांवर दिली जाणारी फ्लुनिक्सिन, फेनिलब्युटाझोन, मेलोक्सिकॅम, कीटोप्रोफेन यांसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखतात. सूज व वेदना उतरण्याचे कारण हेच, आणि मूत्रपिंडास होणाऱ्या धोक्याचे कारणही हेच. पुरेसे पाणी पिणाऱ्या जनावरात योग्य मात्रेत ती सहसा सुरक्षित असतात. निर्जलीकरण झालेल्या जनावरात मात्र आकुंचन घडविणारी संप्रेरके आधीच जोरात असतात. त्यांना आवर घालणारी प्रोस्टाग्लँडिने औषधाने काढून घेतली की, अभिवाही धमनिका मिटत जाते आणि मध्यकाचा रक्तपुरवठा तुटतो. घोड्यांत फेनिलब्युटाझोनच्या जादा मात्रेने किंवा पाणी न मिळालेल्या अवस्थेत ते दिल्याने मूत्रपिंडाच्या मध्यकातील ऊती मृत होतात, हे सुपरिचित उदाहरण आहे. जेंटामायसिनसारखे मूत्रपिंडास अपायकारक प्रतिजैविक सोबत दिल्यास धोका आणखी वाढतो. त्यामुळे अशा रुग्ण जनावरात आधी शरीरातील पाण्याची तूट भरून काढणे व मग वेदनाशामक देणे हा क्रम महत्त्वाचा ठरतो.

डायक्लोफिनॅक व गिधाडे

याच औषधवर्गातील डायक्लोफिनॅक भारतीय उपखंडात गुराढोरांच्या उपचारांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरले जात असे. उपचारानंतर थोड्याच काळात मेलेल्या जनावराच्या शरीरात औषधाचा अंश शिल्लक राहतो. असे मांस खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे काही दिवसांत निकामी होतात व त्यांच्या आंतरिक अवयवांवर यूरिक आम्लाचा पांढरा थर साचतो. हे कारण पाकिस्तानातील अभ्यासातून २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची भारतातील संख्या ९० टक्क्यांहून कितीतरी अधिक घटली होती. गुरांना सोसणारी मात्रा गिधाडांना प्राणघातक ठरावी, यावरून प्राण्यांच्या निरनिराळ्या वर्गांत मूत्रपिंडाची औषध सोसण्याची क्षमता किती भिन्न असते हे दिसून येते. भारत सरकारने २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचे चाचण्यांत आढळल्याने त्याचा पर्याय म्हणून पुरस्कार करण्यात आला. २०२३ मध्ये कीटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांच्याही पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालण्यात आली.

संशोधनाचा इतिहास

रॉबर्ट टिगरस्टेट व पेर बर्गमन यांनी १८९८ मध्ये स्टॉकहोम येथे सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशास टोचला असता रक्तदाब वाढल्याचे दाखविले व त्यातील द्रव्यास रेनिन हे नाव दिले. हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ मध्ये कुत्र्याच्या मूत्रपिंडाची धमनी अंशतः आवळून कायमचा उच्च रक्तदाब निर्माण केला. त्यानंतर काही वर्षांतच ब्वेनोस आइरेस येथे व अमेरिकेत काम करणाऱ्या दोन गटांनी स्वतंत्रपणे रेनिनपासून निर्माण होणारे द्रव्य शोधले. त्यांनी दिलेल्या दोन वेगळ्या नावांचा मेळ घालून पुढे अँजिओटेन्सिन हे नाव रूढ झाले.

या विषयाच्या प्रगतीत पाळीव जनावरांचा वाटा मोठा आहे. अल्डोस्टेरॉन १९५३ मध्ये गुरांच्या अधिवृक्क ग्रंथींच्या अर्कातून वेगळे करण्यात आले. १९५६ मध्ये बैलाच्या व घोड्याच्या रक्तापासून मिळविलेल्या अँजिओटेन्सिनची रचना उलगडली. बैलात पाचव्या स्थानी व्हॅलीन, तर घोड्यात आयसोल्यूसीन असल्याचे दिसून आले. शुद्ध प्रोस्टाग्लँडिने प्रथम मेंढ्यांच्या रेताशय ग्रंथींपासून मिळविण्यात आली. ॲस्पिरिनसारखी औषधे त्यांची निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. मेलबर्न येथे डेरेक डेंटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढीची अधिवृक्क ग्रंथी मानेतील रक्तवाहिन्यांशी जोडून तिच्या स्रावाचा जागेपणी अभ्यास केला. अलिंदांतील नेट्रियुरेटिक संप्रेरकाचा शोध मात्र उंदरांवरील प्रयोगांतून लागला. तो अडॉल्फो डी बोल्ड यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला.

मापनपद्धती

मूत्रपिंडातील रक्तप्रवाह मोजण्यासाठी पॅरा-अमिनोहिप्युरिक आम्ल हे द्रव्य शिरेतून देतात. मूत्रपिंडातून एकदा जाताच ते रक्तातून बहुतांशी काढून टाकले जाते. त्यामुळे मूत्रात व रक्तात आलेल्या त्याच्या प्रमाणावरून प्रवाहाचा अंदाज बांधता येतो. याचे मूळ असलेले हिप्युरिक आम्ल युस्टुस लीबिग यांनी घोड्याच्या मूत्रात ओळखले होते व त्याचे नावही घोडा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले आहे. धमनीभोवती बसविलेले प्रवाहमापक आणि डॉप्लर ध्वनिलहरींची तपासणी या अन्य पद्धती होत. डॉप्लर तपासणीत जनावरास शस्त्रक्रियेचा त्रास होत नाही.